व्याह्यांची करंगळी

हातून काही चुकलं की आमचे व्याही वसंतराव पोळपाटावर डावी करंगळी ठेवतात आणि म्हणतात, "विहीणबाई, हजर आहे." दूध उतू गेलं, करंगळी. चष्मा माझ्या खुर्चीवर विसरला, करंगळी. मी लाटणं उगारलं की मग उचलतात.

हे खूळ एका जुन्या जपानी सिनेमातलं. त्यातले गुंड चुकले की आपलंच बोट छाटून सरदारापुढे ठेवतात. वसंतराव दर उन्हाळ्यात सांगलीहून मुलीकडे, म्हणजे आमच्याकडे जर्मनीत र्युसेल्सहाइमला येतात आणि रोज दुपारी तोच सिनेमा लावतात. संपला की टीव्हीला कमरेत वाकून नमस्कार. त्यातला एक जण सरदाराचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो, तोंडातून अक्षर काढत नाही. मी म्हटलं, बावळट आहे मेला. ते म्हणाले, "त्याला निष्ठा म्हणतात. तुम्हाला नाही कळायची."

मी रोज सकाळी खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंच्या गार्टनमधून, म्हणजे बागेतून, देवाला दोन गुलाब आणायची. गावाकडे कुणी विचारत नाही. इथे एका रविवारी बाई खुडलेला देठ घेऊन वर आल्या. कुणी तोडले, म्हणून विचारू लागल्या. सून मृणाल लाजेने लाल झाली. मी कणीक मळत होते, ती खाली मान घालून मळतच राहिले.

वसंतराव उठले. छातीवर बोट ठेवलं, कमरेत वाकले आणि म्हणाले, "एन्टशुल्डिगुंग." माफ करा, एवढं एकच जर्मन त्यांना येतं.

बाई गेल्यावर मृणालने बापाला अर्धा तास समोर बसवून झापलं. घर भाड्याचं आहे, पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला बोलवायचं की नाही याचा विचार करावा लागेल, म्हणाली. सांगलीत त्यांच्या घरी दुसरं माणूस नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी पोळ्या लाटायला घेतल्या.

नंतर मी विचारलं, हे कशाला केलंत?

"सून सासूला बोलली की ते दोघींच्या मनात राहतं. मुलगी बापाला बोलते आणि विसरते." मग चहा ढवळत म्हणाले, "आणि आल्यापासून एवढा वेळ ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बसली."

याला दहा दिवस झाले. आता ऑफिसातून आल्यावर मृणाल रोज विचारते, बाबा, आज खाली गेला नव्हतात ना? तेवढ्यानेही ते खूश होतात. खरं सांगितलं तर त्यांचं हेही बोलणं बंद होईल, असं मी मनाशी म्हणते. सोयीचं कारण आहे. मला सुनेची भीती वाटते, म्हणून मी गप्प आहे.

पुढच्या उन्हाळ्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.