पिवळी डबी, मिसफायर शून्य

स्वस्त वस्तू चांगली की वाईट हे ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ती वापरून बघणे. दुसरा, समिती नेमणे. पहिल्या मार्गात निष्कर्ष आधी ठाऊक नसतो, त्यामुळे जबाबदार माणसे दुसरा मार्ग धरतात.

मी चऱ्होली पंचक्रोशी रायफल क्लबचा चिटणीस आहे. आमची रेंज दोन गृहप्रकल्पांच्या मधल्या पट्टीत आहे. जमीन अध्यक्ष हिंदुराव यांची. भाव अजून चढायचा आहे म्हणून त्यांनी ती विकलेली नाही, आणि नुसती पडून राहू नये म्हणून तिथे क्रीडासेवा सुरू केली. निशाणामागचा मातीचा ढीग शेजारच्या इमारतींच्या पायाच्या खोदाईतून निघालेला आहे. क्लबचे सभासद एकशे बारा. त्यांपैकी प्रत्यक्ष रायफल चालवणारे चौदा. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांनी गाडीच्या काचेवर लावायच्या स्टिकरसाठी सभासदत्व घेतले आहे, आणि त्यांच्या हातून आजवर एकही अपघात झालेला नाही.

आमच्याकडे पॉइंट टू-टूची रायफल चालते. या काडतुसातली दारू पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत, आतून लावलेला असतो. घोडा दाबला की रायफलची सुई त्या कडेवर आपटते. मसाला तिथपर्यंत पोचलेला असेल तर गोळी सुटते. नसेल तर नुसतंच ‘टक्’ होतं, त्याला मिसफायर म्हणतात. महागड्या काडतुसात तो सगळीकडे सारखा पोचतो. स्वस्तात कुठे पोचतो, कुठे नाही. (आमच्या भागातल्या पाण्याच्या पाइपलाइनचंही असंच आहे, पण तो विषय वेगळा.)

जिल्हा स्पर्धेत वर्षालीच्या रायफलने चार वेळा ‘टक्’ केलं.

वर्षाली चौदांतली सगळ्यात चांगली. वय सव्वीस, चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात कामाला, तीन शिफ्टमध्ये. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असली की मारुंजीहून दोन बस बदलून रेंजवर यायची. राज्य स्पर्धेला आठ आठवडे होते, आणि परदेशी काडतुसं तिच्या पगारात बसणारी नव्हती. क्लबच्या कोठीत तीन स्वस्त प्रकार होते: निळी डबी, हिरवी डबी आणि पिवळी डबी. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “चिटणीससाहेब, या तिन्हींतली कोणती घेऊ, एवढंच सांगा.”

एवढंच सांगणं हे आमच्या घटनेत बसत नव्हतं. मी म्हणालो, “बघतो.”

हे धम्मरत्नकाकांनी ऐकलं. काका पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं अंतिम तपासणीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी चालू ठेवल्या, पहाटेचं फिरणं आणि खिशातला, जाडी मोजायचा व्हर्निअर. ते म्हणाले, “मला एक गुरुवार द्या. प्रत्येक डबीतल्या पन्नास गोळ्या. एकच रायफल, एकच बाक, एकच माणूस.”

आणि खरोखर त्यांनी एकाच सकाळी काम संपवलं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे दहा गट झाडले, प्रत्येक गट किती पसरला ते मोजलं आणि वहीत लिहिलं. हिरवी: मिसफायर एक, पसारा साधारण एका रुपयाच्या नाण्याएवढा. निळी: मिसफायर तीन, पसारा लिंबाएवढा. पिवळी: मिसफायर सात, पसारा फुलक्याएवढा. खाली तारीख, वाऱ्याची दिशा आणि सही.

“हिरवी घे,” ते वर्षालीला म्हणाले. ती हसली. प्रश्न विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत फक्त सात दिवस लागले होते. क्लबच्या इतिहासात एवढी बेशिस्त कधी झाली नव्हती.

संध्याकाळी हिंदुराव आले. वही वाचली. पिवळ्या डबीचे पुरवठादार शेखर हे त्यांचे साडू, हे मी इथे केवळ माहितीसाठी नमूद करतो.

“धम्मरत्न, काम झकास केलंत,” हिंदुराव म्हणाले. “पण हे रीतसर नाही.”

“काय चुकलंय?” काकांनी विचारलं.

“चुकलेलं काहीच नाही हो. एकट्या माणसाने केलंय, हीच अडचण. उद्या कोणी म्हटलं, समिती कुठे होती, तर?”

समिती नेमली गेली. अध्यक्ष हिंदुराव. विषयाचे जाणकार म्हणून शेखर. चिटणीस या नात्याने मी. धम्मरत्नकाका ‘निमंत्रित’, म्हणजे चहा मिळेल, मत मिळणार नाही. पहिल्या बैठकीत काकांची चाचणी ‘प्राथमिक स्वरूपाची व उत्साहाच्या भरात केलेली’ असल्याने बाद करण्यात आली. दुसऱ्या बैठकीत नमुना मोठा हवा असं ठरलं. किती मोठा? शेखर म्हणाले, “राव, जेवढा मोठा तेवढा खरा.” हे शास्त्राला धरूनच होतं.

मग पुढचे चार आठवडे आमच्या रेंजवर जे झालं त्याला मोठा नमुना म्हणतात. हिरवी आणि निळी डबी सगळ्यांना खुली केली. स्टिकरवाले सभासद आले, त्यांचे पाहुणे आले. पुनावळ्याच्या एका डॉक्टरांनी वाढदिवसानिमित्त चाळीस गोळ्यांची चाचणी घेतली. तिघांनी डोळे मिटून घेतली. एकाने शेजाऱ्याच्या निशाणावर मारलं, आणि ते शेजाऱ्याच्या मिसफायरच्या रकान्यात गेलं. हिरवीच्या बाराशे आणि निळीच्या नऊशे गोळ्या शेवटच्या दाण्यापर्यंत तपासून झाल्या. मातीचा ढीग पूर्णपणे समाधानी होता.

पिवळीला मात्र कोणी हात लावला नाही. तुलनेसाठी एक नमुना जसाच्या तसा राखावा लागतो, असं शेखर यांनी निदर्शनास आणलं.

अहवाल मी लिहिला. माझ्या अक्षराचं कौतुक आहे. निष्कर्षाचा तक्ता असा:

हिरवी डबी. मिसफायर छप्पन्न, लक्ष्याबाहेर तीनशे दहा.
निळी डबी. मिसफायर एकाहत्तर, लक्ष्याबाहेर दोनशे शहाऐंशी.
पिवळी डबी. मिसफायर शून्य, लक्ष्याबाहेर शून्य. (झाडलेल्या गोळ्या: शून्य.)

कंसातला मजकूर जागेअभावी अंतिम प्रतीत घेता आला नाही.

अहवाल वाचला त्या दिवशी वर्षाली दुसरी शिफ्ट बदलून आली होती. वाचन संपल्यावर ती उठली.

“म्हणजे हिरवी संपली?”

“पूर्णपणे तपासली,” हिंदुराव म्हणाले.

“नवीन कधी येणार?”

“परवाना, कोटा, वाहतूक. अडीच महिने धर.”

“स्पर्धा अठरा दिवसांवर आहे, दादा.”

“म्हणून तर पिवळी राखून ठेवली ना तुझ्यासाठी! पाचशे आहेत. एकही मिसफायर नाही, अहवालच सांगतोय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागद सरळ केले. ती धम्मरत्नकाकांकडे वळली तेव्हा त्यांच्यापुढे सहीसाठी अहवाल सरकवलेला होता. निमंत्रिताची सही लागत नव्हती, पण चौतीस वर्षांच्या अनुभवाची शोभा येते. काकांनी चष्मा लावला, तक्ता दोनदा वाचला आणि पेनचं टोपण बंद केलं.

“मी आयुष्यात नापास मालावर कधी सही केली नाही,” ते म्हणाले. “हा तर न पाहिलेला माल आहे.”

“सगळ्यांच्या भल्याचंच आहे, धम्मरत्न.”

“असेल. सही मात्र नाही.”

मी केली. हिंदुरावांच्या पुनावळ्याच्या इमारतीत मी घर घेतलं आहे आणि चार वर्षं झाली, ताबा अजून मिळायचा आहे. हे कारण म्हणून सांगत नाही. सही करताना पेन नीट चालत होतं, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर गेलो तर कोठीच्या पडवीत तिघं बसलेली. धम्मरत्नकाका, वर्षाली आणि झाडलोट करणाऱ्या, चहा देणाऱ्या गोजाबाई. मधे पिवळ्या डब्या, एक सोनाराचा छोटा काटा आणि काकांनी ओळखीच्या लेथवर बनवून आणलेलं एक मापक. काडतुसाच्या बुडाची कड त्यात घालून जाडी बघायची, मग वजन करायचं. ज्यांची जाडी आणि वजन जुळेल त्या एका ताटात. बाकीच्या परत डबीत.

“याने मिसफायर जातील?” मी विचारलं.

“जाणार नाहीत, कमी होतील,” काका म्हणाले. “कडेत मसाला किती आहे ते आत जाऊन बघता येत नाही. बाहेरून जेवढं दिसतं तेवढं तर बघू.”

वर्षाली रात्रपाळी करून थेट आली होती. डोळे लाल होते, पण हात कंपनीत चालतात तसे चालत होते. उचल, घाल, बघ, ठेव. पहिल्या तासात तिने एकदाही मान वर केली नाही. मला तिच्याशी बोलायचं होतं. मी म्हणालो, “चहा घेणार का?” ती म्हणाली, “झालाय.”

गोजाबाई ताट हलवत म्हणाल्या, “चिटणीस भाऊ, एक इचारू?”

“विचारा की.”

“आमी गव्हातलं खडं निवडतो तसं ह्ये चाललंय. पर निवडून घ्यावं लागतंय म्हंजी माल वाईट हाय, व्हय ना?”

“तसं म्हणता येईल.”

“मग कागदावर चांगला कसा लिवला?”

मी म्हणालो की तो तांत्रिक विषय आहे. गोजाबाईंनी “व्हय का” म्हटलं आणि पुढची मूठ घेतली. त्यांच्या ‘व्हय का’वर काय उत्तर द्यायचं हे घटनेत कुठेही दिलेलं नाही.

बारा दिवसांत पाचशेतून एकशे सोळा निघाल्या. त्यांपैकी तीस सरावात गेल्या, मिसफायर एक. उरलेल्या काकांनी पुन्हा एकदा तपासल्या आणि आणखी सहा काढून टाकल्या. वर्षाली कळवळून म्हणाली, “काका, अहो पुरायला तर पाहिजेत!” काका म्हणाले, “साठ गोळ्यांची स्पर्धा आहे. तुझ्याकडे ऐंशी आहेत. शंका असलेली एकही नको.”

स्पर्धेला क्लबतर्फे मी गेलो, कारण प्रवासभत्ता चिटणिसाला असतो. काका स्वतःच्या तिकिटाने आले. वर्षाली पोटावर झोपली, रायफल खांद्याला लावली आणि एकेक गोळी झाडू लागली. प्रत्येक गोळीच्या आधी काकांचे ओठ हलत. ते काय म्हणत होते मला कळलं नाही. मी स्वतः मात्र, खरं सांगतो, तक्त्यातल्या शून्यासाठी प्रार्थना करत होतो.

त्रेचाळिसाव्या गोळीला ‘टक्’ झालं.

तिने हात वर केला. पंच आले. रायफल तशीच धरून थांबायचं असतं, मग काडतूस काढून त्याच्या बदली दुसरं घालायचं. त्या अर्ध्या मिनिटात तिची पाठ वर-खाली होताना मला दिसत होती. बदली गोळी तिने बराच वेळ झाडलीच नाही. मग झाडली. दहा. पुढची दहा. त्यापुढची नऊ, आणि मग शेवटपर्यंत सगळ्या दहा.

पात्रतेला पाचशे पंच्याऐंशी लागत होते. तिचे पाचशे सत्त्याऐंशी झाले. ती राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरली.

बाहेर आल्यावर ती थेट काकांकडे गेली. तिने मिसफायर झालेलं काडतूस काकांच्या तळहातावर ठेवलं. “एक निसटली, काका.”

काकांनी ते उलटसुलट करून बघितलं. “निसटली नाही. मीच पास केली होती ही. माझी चूक झाली, बाळा.”

ती रडायला लागली, जिंकल्याबद्दल की कशाबद्दल ते तिलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत मी अनेक संस्थांची इतिवृत्तं लिहिली आहेत. ‘माझी चूक झाली’ हे वाक्य कुठल्याही इतिवृत्तात कसं लिहितात, हे मला माहीत नव्हतं.

चऱ्होलीच्या चौकात फ्लेक्स लागला. वर हिंदुराव, त्याखाली शेखर, मग समिती, आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, वर्षाली. मजकूर: ‘पिवळ्या डबीवर विश्वास, राज्यात यश!’ एका महिन्यात पंचक्रोशीतल्या चार क्लबांनी पिवळी मागवली. तक्रारी आल्या. मी प्रत्येकाला तेच उत्तर पाठवलं: याच काडतुसावर वर्षाली पात्र ठरली, तेव्हा दोष नेम धरणाऱ्यात शोधावा. वर्षालीने क्लब सोडला. राष्ट्रीय स्पर्धेची तयारी ती दुसरीकडे करते, हिरव्या डबीवर, आणि काका तिच्याबरोबर जातात. गोजाबाईंनीही काम सोडलं. चहा आता मशीनचा असतो.

समितीची कीर्ती मात्र पसरली. शून्य दोषाचा अहवाल एवढ्या वेगाने देणारी माणसं सध्या फार हवी असतात. पुनावळे, चऱ्होली, मारुंजी इथल्या त्रेसष्ट गृहसंस्थांनी आमच्याकडे आग विझवायची नळकांडी, लिफ्ट आणि गच्चीवरच्या टाक्या यांची वार्षिक तपासणी सोपवली आहे. पद्धत तीच. वस्तू जशीच्या तशी राखायची, म्हणजे तिच्यात दोष सापडत नाही. आजवर तपासलेल्या चारशे बारा लिफ्टपैकी बिघडलेल्या शून्य.

तुमची इमारत त्यांत आहे की नाही, मला आठवत नाही. लिफ्टमध्ये आरशाच्या वर एक चिठ्ठी असते, तिच्यावर तपासणीची तारीख आणि सही असते. तुम्ही रोज तिच्याखाली उभं राहून केस सारखे करता. ती वाचली असतीत तर माझं अक्षर किती सुरेख आहे ते कळलं असतं.