मॅडमचं प्रोटीन आणि कैलासावरचा धूर

साल एकोणीसशे एकोणनव्वद. गिरण्यांचा संप कुणी मागे घेतला नव्हता आणि कुणी चालवतही नव्हतं, त्या दिवसांतलं हे. गिरणी सुटल्यावर बऱ्याच खटपटी करून उत्तम परब परळच्या एका संशोधन संस्थेत तात्पुरता मदतनीस म्हणून लागला होता. त्याला कायम करायचं की नाही, हे गणपतीनंतर तिथल्या शास्त्रज्ञ सुभद्रा मॅडम ठरवणार होत्या. त्याच्या बायकोनं, दमयंतीनं, आपल्यापुरतं ते कधीच ठरवून टाकलं होतं. आळीत तिनं तसं सांगूनही ठेवलं होतं.

ऐन गणपतीत, भरदुपारी, उत्तम थर्माकोलची पेटी छातीशी धरून लालबागच्या चाळीचे जिने चढला.

"अहो, ह्यातून धूर येतोय!"

"धूर नाय गो, वाफ. सुक्या बर्फाची. आत मॅडमचं प्रोटीन आहे. माणसाचं."

दमयंती मागं सरली. "माणसाचं? सणासुदीला घरात?"

"माणसाला कापून नाय काढलेलं! कृती माणसाची. ती शिकवली जंतूंना, आणि जंतूंनी बनवलं."

"म्हणजे कृती सासूची आणि रांधलं सुनेनं."

"तसंच समज. विमानातनं आलंय. दर्शनाच्या रांगांनी रस्ता बंद, टॅक्सीवाल्यानं लांबच उतरवलं, म्हणून आधी घरी आलो. मी मॅडमना फोन करून येतो. पेटी उघडू नको. काय बिघडलं तर नोकरी गेली म्हणून समज!"

तो गेला आणि मंडळाचा दगडू दारात उभा राहिला. वाफ त्यानं खालूनच पाहिली होती.

"वहिनी, देवच पावला! आमचा बर्फवाला माझगावला अडकलाय. कैलासाचा देखावा तयार, पण धुराशिवाय शंकर नुसता उघडा बसल्यासारखा दिसतो. द्या तो बर्फ."

"अरे, आत औषध आहे मॅडमचं."

"औषध ठेवा तुम्ही. बर्फ गणपतीला."

गणपतीच्या कामाला चाळीत आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. दमयंतीचा नवस तर उत्तमच्याच नोकरीसाठी होता. तिनं विचार केला, मॅडमना हवी ती कुपी. बर्फ म्हणजे नुसतं वेष्टन. तिनं बोटाएवढी कुपी काढून ओल्या फडक्यात गुंडाळली, माठाच्या गळ्याला बांधली आणि पेटी दगडूच्या हवाली केली. पाचच मिनिटांत कैलासावर असा धूर चढला की रांगेतले लोक 'मोरया' म्हणून ओरडले.

उत्तम परतला तो त्याच धुरातून. माठाला बांधलेली कुपी बघून तो ओरडलाच.

"मेलो! उणे सत्तर लागतं त्याला, उणे!"

"ओरडू नका. बर्फ म्हणजे बर्फ. चला."

नाक्यावर तुळसा कोळीण माशा वारत बसली होती. गणपतीत तिच्याकडे कोण फिरकणार? मासळी थोडी आणि बर्फ जास्त. दमयंतीनं कुपी तिच्या बर्फाच्या डब्यात खुपसली.

"काय गो, औषध हाय का? माझ्या सुरमईला लागंल की!"

"लागलं तर सुरमई माणसासारखी बोलेल. डबा दे, संध्याकाळी आणून देते."

दोघं रांगेतून वाट काढत संस्थेत पोचली. मॅडमनी डबा उघडला, नाकाला रुमाल लावला आणि कुपी उजेडात धरली.

"ठीक आहे."

"मॅडम, गरम झाली होती," उत्तम रडवेला झाला.

"वाळवलेली पूड आहे ही. चार दिवस टेबलावर राहिली तरी काही होत नाही. बर्फ कुठाय?"

"बर्फ?"

"उत्तम, आमचा डीप फ्रीझर सकाळपासून बंद आहे. माझ्या सगळ्या पेशी वितळताहेत. पेटी उघडू नका, असं मी कशासाठी सांगितलं होतं?"

उत्तमनं डोळे मिटले. दमयंतीनं पदर खोचला.

"मॅडम, अर्धा तास. ह्यांना काही बोलू नका तोवर."

मांडवात बर्फवाल्याचं सुक्या बर्फाचं गोणपाट नुकतंच उतरत होतं.

"दगडू, उचल ते. परळला न्यायचंय."

"वहिनी, गणपतीचा बर्फ आहे हा!"

"मघाशी तू मागितलास तेव्हा मी विचारलं का, कुणाचा आहे म्हणून? चल!"

दगडूनं गोणपाट खांद्यावर घेतलं, चार कार्यकर्ते पुढं धावले. "मोरया! बाजू, बाजू!" ज्या गर्दीनं टॅक्सी अडवली होती ती हात जोडून दुभंगली. काहींनी गोणपाटाला नमस्कारही केला. पेशी वाचल्या.

उत्तम कायम झाला आणि त्याच संस्थेतून सन्मानानं निवृत्त झाला. तुळसानं डबा परत घेताना तो कुणाच्या मेजावर होता हे ऐकलं आणि पुढं कित्येक वर्षं 'डॉक्टरणीनं वास घेतलेली मासळी' म्हणून सुरमई विकली. दगडू आता मंडळाचा अध्यक्ष आहे. विमानातून आलेल्या त्या प्रोटीनचा प्रयोग मात्र साफ फसला; मॅडमचं नाव झालं ते वाचलेल्या पेशींवर. त्यांच्या छापील लेखाच्या शेवटी त्यांनी मंडळाचे आभार मानले. ते इंग्रजी पान दगडूनं चौकटीत बसवून कार्यालयात लावलं.

"वहिनी, सगळ्यात तुमचं नाव तेवढं नाही," तो अजून हळहळतो.

"नसू दे रे," दमयंती म्हणते, "बर्फ गणपतीचा होता. मी फक्त हमाल लावले."