अंगुरीबाईच्या सज्जनाची सुई

सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब न घेणारे जीव अनसिंगातल्या जैन घरांत बरेच होते, पण त्यांतला चार पायांचा एकच! तो अंगुरीबाईच्या ओट्यावर बसायचा. नाव सज्जन. रंग करपलेल्या पोळीचा, शेपूट मोडक्या छत्रीच्या दांडीसारखी, पण वागणं? दिवसा दूधपोळी आणि गाळलेलं पाणी. दिवेलागणीला वाटी पुढे केली की तोंड फिरवायचा!

"मानसं नियम मोडतात," अंगुरीबाई किराण्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना ऐकवायची, "मह्या कुत्र्यानं मोडला नाई! वळन लागते, वळन! अन् ते लावनाऱ्याच्या हाती राह्यते!"

गिऱ्हाईक मुकाट्यानं मान डोलवायचं. नाही डोलवली तर अंगुरीबाई मापात मारत नसे, शब्दात मारायची.

तिचं दुसरं ठाम मत सुईबद्दल. सज्जन लहान असताना तिनं त्याला ढोरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळीची लस टोचून आणली होती. डॉक्टर उदयसिंग म्हणाले होते, "आजी, पुढच्या साली पुन्हा आना. हिचा असर सालभरच राह्यते."

"दरसाल?" अंगुरीबाईनं दंडावरचा देवीच्या लशीचा वण पुढे केला. "हे पाहा! मी पाळन्यात होती तवा टोचलं. मानसाले एकदा पुरते अन् कुत्र्याले दरसाल? कुत्रं काय कलेक्टर हाये?"

डॉक्टर हसले. तिथंच चुकलं. कोणी हसलं की अंगुरीबाईचं मत सिमेंटचं व्हायचं.

पुढं चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात वाशीमचे कापडवाले हुकूमचंद तिच्या नातीला, राजमतीला, सून करून घ्यायला आले. पोरगा पोरीला पसंत, पोरगी पोराला पसंत. हुकूमचंदांनी नारळ हाती घ्यायचा तेवढा राहिला होता. उजेडातच जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता अंगुरीबाईनं सज्जनाचा नियम सांगायला घेतला. हुकूमचंद गहिवरले. "काय जीव हाये!" म्हणत गोंजारायला वाकले. नेमका शेपटीवर पाय पडला, आणि सज्जनानं त्यांचं बोट धरलं!

धावाधाव झाली. बोट साबणानं धुतलं. हुकूमचंदांनी विचारलं, "लस टोचली हाये नं याले?"

"टोचली! पक्की!"

"कधी?"

अंगुरीबाई उत्तर जुळवत होती, तेवढ्यात तिचा नवरा शिखरचंद बोलला. हा माणूस वर्षातून दोनदा बोलायचा. दुसरी खेप आजच यायची होती!

"राजमती सातवीत होती तवा."

हुकूमचंदांनी लग्नाला आलेल्या राजमतीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी पोट धरलं. पोट काही दोन हातांत मावणारं नव्हतं. "चौदा सुया! पोटात!"

"काई नाई होत! पिसाळलेलं कुत्रं पान्याले भेते. महा सज्जन..." अंगुरीबाईची जीभ तिथंच अडली. बाहेर सूर्य बुडाला होता.

"आना पानी!" हुकूमचंद गरजले.

वाटी आली. सज्जनानं वाटीकडे पाहिलं, अंगुरीबाईकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

"भ्याला! पान्याले भ्याला!"

"अवो, नियम हाये त्याचा!"

"नियम हाये का रोग, मले काय ठावं? टांगा बोलवा! सोयरीक राहू द्या!"

आतल्या दारात राजमतीचे डोळे भरून आले. ते पाहिलं आणि अंगुरीबाई, जिच्यापुढं उधारीवाले रस्ता बदलायचे, ती कुत्र्यापुढं जमिनीवर बसली.

"पी रे बाबू! एक घोट! पाप मले लागो!"

सज्जन ढिम्म!

"दूध घे! साखर टाकतो! काहून छळून राह्यला रे मेल्या? सात जल्माचा वैरी हायेस तू!"

सज्जनानं जांभई दिली. लावलेलं वळण सोडवणं लावणाऱ्याच्या हाती नसतं, हे अंगुरीबाईला त्या जांभईत कळलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून शेजारच्या हाजराबीची हाक आली, "नवाब! आ जा बेटा, नल्ली रखी है!"

सज्जन उडाला तो थेट भिंतीच्या खिंडारातून पलीकडं! सगळे कंदील घेऊन मागं धावले. पाहतात तर हाजराबीच्या अंगणात व्रतस्थ सज्जन कडाकडा हाड फोडतोय! हाड संपल्यावर त्यानं पातेलंभर पाणी चपाचपा ढोसलं.

"पीते! पानी पीते!" हुकूमचंद टाळ्या पिटत नाचले.

अंगुरीबाईनं डोळ्यांवर पदर ओढला.

"काय झालं बाई?" हाजराबी घाबरली. "रोजच येते हा. तुमी सांजीले उपाशी ठेवता, म्हनून घालते दोन घास."

"अन् सुई?" हुकूमचंदांनी विचारलं.

"दरसाल! महा पोरगा अन्सार नेते नं. गेल्या मयन्यातच टोचली. घरात लेकरं हायेत, एका साली टोचून कसं भागन?"

सकाळी हुकूमचंदांनी बोट आधी माणसांच्या डॉक्टरला दाखवलं, मग सज्जनाला घेऊन सगळे ढोरांच्या दवाखान्यात गेले. उदयसिंग पाहताच म्हणाले, "अरे, नवाब! याची सुई कधी चुकली नाई." दोन्ही डॉक्टरांचं एकच मत पडलं: कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, धडधाकट राहिला तर पोटाला धोका नाही.

त्या दहा दिवसांत घरात सज्जनाइतकी सेवा कोणाची झाली नाही. शेपूट हलली की वाशीमला निरोप जायचा! अकराव्या दिवशी हुकूमचंदांनी नारळ घेतला. घेता घेता एवढंच विचारलं, "आजी, पोरीले वळन तुमीच लावलं, का शेजारनीनं?"

अंगुरीबाईनं अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली.

आता दरसाल ती स्वतः त्याला सुईला नेते. बाकावर गावभरची माणसं बसलेली असतात. आतून कंपाउंडर ओरडतो, "हाजराबीचा नवाब!" अंगुरीबाई इकडं पाहते, तिकडं पाहते, आणि पदर नाकापर्यंत ओढून उठते.

सज्जन तिच्या आधीच उठलेला असतो.