पहिलं नको

रुचिर कर्णिक 'नको' म्हणाला आणि येरूनने लॅपटॉप मिटला. घडलं एवढंच, पण तेवढ्याने रुचिरचा सगळा ऑक्टोबर नासला.

येरून हा त्याचा मॅनेजर. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या ज्या कंपनीत रुचिर चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तपासायचा, तिथे नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली तेव्हा तो घाबरून युनियनचा सभासद झाला होता. युनियनने त्याला थेट विद्यापीठातच नेऊन बसवलं. कामगार कार्यकर्त्यांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रम, विषय युरोपातल्या कामगार चळवळी, वर्ग दर शुक्रवारी. गोदी कामगार, बसचालक, नर्स अशा मंडळींच्या शेजारी बसून हा कोथरूडचा इंजिनिअर जर्मन खाणकामगारांचे संप शिकू लागला, आणि त्याला ते चक्क आवडायलाही लागलं.

अडचण एकच होती. दर शुक्रवारी त्याची हक्काची एक रजा खर्ची पडत होती आणि डिसेंबरात पुण्याला मेहुणीचं लग्न होतं.

"अश्लेषाच्या लग्नाला तू तीन आठवडे हवास," हिमानीने बायकोच्या अधिकारात बजावलं होतं. "केळवणापासून. नुसतं अक्षता टाकायला पाहुण्यासारखा उगवलास तर बघ."

तेव्हा त्याला शुक्रवार पगारी सुटी म्हणून मिळणं अत्यंत आवश्यक होतं. त्यासाठी मारलीस महिनोन् महिने भांडत होती. मारलीस कंपनीच्या गोदामात कामाला, त्याच वर्गात शिकणारी आणि युनियनची खमकी पुढारी. अखेर येरून वाकला. त्याने रुचिरला खोलीत बोलावलं.

"वरून मंजुरी आणलीय," तो म्हणाला. "तुला आणि मारलीसला शुक्रवार पगारी. देऊ?"

आता इथे कुठलाही शहाणा माणूस 'हो' म्हणाला असता. पण रुचिरवर लहानपणापासून एकच संस्कार झाला होता. कुणी लाडू पुढे केला की आधी 'नको' म्हणायचं. मग समोरचा 'अहो, घ्या हो' म्हणतो. आपण 'अहो, खरंच नको' म्हणायचं. मग तो आपल्या ताटात दोन लाडू टाकतो आणि आपण नाइलाज झाल्यासारखे ते खातो. पहिल्या हाकेला हात पुढे करणारा तो हावरट.

"नो, नो, त्याची काय गरज!" रुचिर म्हणाला. "मी करतो मॅनेज."

आणि हसून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला.

"अरे वा, मग उत्तमच," येरून म्हणाला, आणि लॅपटॉप मिटून जेवायला गेला.

"तू नको म्हणालास?" संध्याकाळी हिमानीने विचारलं. पोळी तव्यावर करपत होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"एकदाच म्हणालो गं! मला वाटलं, तो परत विचारेल."

"तो काय तुझी मावशी आहे? अरे, बारा वर्षं झाली आपल्याला या देशात! इथे कॉफीसुद्धा एकदाच विचारतात!"

हे मात्र खरं होतं. पहिल्या वर्षी रुचिर डच शेजाऱ्यांकडून कॉफी न पिताच परत यायचा आणि घरी येऊन त्या लोकांना माणुसकी नाही म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तो येरूनकडे गेला आणि म्हणाला, की मला खरं तर शुक्रवार हवे आहेत. येरून गोंधळला.

"पण तू गरज नाही म्हणालास."

"ते मी असंच म्हणालो."

"असंच म्हणजे?"

याचं उत्तर इंग्रजीत देता येत नाही. रुचिरने दोनदा प्रयत्न करून पाहिला. लाडवांपर्यंत पोचल्यावर येरूनने घड्याळ बघितलं.

"हे बघ, मी वर कळवून टाकलंय की कामगारांनाच सुटीची गरज वाटत नाही. वरचे खूश झाले. मारलीसचीही रद्द झाली."

ही बातमी मारलीसने शुक्रवारी भर वर्गात फोडली. त्या दिवशी विषय होता आठ तासांच्या दिवसासाठी झालेले लढे. फळ्यावर जुन्या मोर्च्याचं चित्र होतं, गोठलेल्या रस्त्यावर उभी माणसं, हातात फलक. "यांनी मोकळ्या वेळासाठी मार खाल्ला," मारलीस म्हणाली, "आणि आपल्या रुचिरला तो ताटात वाढून आणला, तर याने परत पाठवला."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. रॉटरडॅमचा गोदी कामगार विम मायेने पुढे झुकला.

"तुला कुणी धमकावलं का?"

"नाही."

"बढतीचं आमिष?"

"नाही रे."

"मग?"

"सभ्यपणा," रुचिर म्हणाला.

प्राध्यापक हानेकेबाईंनी चष्मा काढून पुसला. मालकाच्या बाजूने संप फोडणाऱ्यांची त्यांनी पाच प्रकारांत विभागणी केली होती. हा सहावा होता. त्यांनी रुचिरला अंतिम निबंधाचा विषय तिथल्या तिथे बदलून दिला: 'न मागता माघार: एक प्रत्यक्ष अनुभव'. मुदत डिसेंबरअखेर.

मारलीस मात्र हार मानणारी नव्हती. तिने कंपनीचे संचालक फान डाइक यांच्याशी बैठक ठरवली. इकडे घरी रुचिरचं प्रशिक्षण सुरू झालं. मास्तरीण होती त्यांची अकरा वर्षांची मुलगी स्वानंदी. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीत नाही तर डचमध्ये.

"बाबा, बिस्किट?" ती डबा पुढे करायची.

"नको गं..."

डब्याचं झाकण लागायचं. "टू लेट, बाबा. जस्ट से, याऽ, ग्राख."

म्हणजे, हो, आवडेल. एवढे दोनच शब्द. पहिला आठवडा रुचिर बिस्किटांवाचून राहिला. दुसऱ्या आठवड्यात मात्र जीभ वळली. डबा नुसता दिसला तरी तो "याऽ, ग्राख!" म्हणू लागला. हिमानीने एकदा कचरा खाली नेशील का विचारलं, त्यालाही तो हसत हो म्हणाला. ती चमत्काराकडे बघावं तशी बघत राहिली.

बैठकीच्या आधी मारलीसने सगळा बेत समजावला. "ते आधी थोडंसं देऊ करतील. आपण नाही म्हणायचं. मग जेवणाची सुटी. मग ते पूर्ण देतील, मला आतून कळलंय. तू फक्त बसायचं. तोंड उघडायचं नाही."

रुचिर बसला. त्याने तोंडही उघडलं नाही. पण फान डाइक मारलीसला ओलांडून थेट त्याच्याकडेच वळले.

"हा घोळ तुझ्यापासून सुरू झाला, म्हणून तुलाच विचारतो. एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार पगारी. देऊ?"

"याऽ, ग्राख!" रुचिर गर्जला.

फान डाइकनी तिथल्या तिथे त्याचा हात धरून हलवला. मारलीसने कपाळ टेबलावर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. नंतर सायकल स्टँडपाशी ती फक्त एवढंच म्हणाली, "रुचिर, तुझी मातृभाषा कोणती आहे ते मला सांग. मी त्या देशात कधी वाटाघाटीला जाणार नाही."

त्या संध्याकाळी रुचिर घरी आला तेव्हा हिमानी तिकिटं काढायला बसली होती. शेजारी स्वानंदी लोळत होती. अर्धेच शुक्रवार मिळाले, हे हिमानीने शांतपणे ऐकून घेतलं. ती शांत राहिली यानेच रुचिर धास्तावला.

"म्हणजे बाकीचे शुक्रवार तुझ्याच रजेतून," ती म्हणाली. "वर तो निबंध. तीन आठवडे काही जमत नाही. एक आठवडा तरी येतोस? काढू तुझं तिकीट?"

रुचिरला लग्नाला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. अश्लेषा त्याची लाडकी मेहुणी, पंगतीतले मठ्ठा आणि जिलबी त्याला महिनाभर आधीपासून दिसत होते. पण दिवसभर अपराधी वाटून वाटून तो पार हळवा झाला होता, आणि समोर मॅनेजर नव्हता, संचालक नव्हता, आपलं माणूस होतं. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण क्षणात विरघळलं.

"नको गं, माझ्यासाठी कशाला अडता," तो केविलवाणं हसून म्हणाला. "तुम्ही दोघी जा. मी राहीन इथे एकटा."

आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला.

हिमानी सदाशिव पेठेतली. या 'नको'चा अर्थ तिला चांगला कळत होता. तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग स्क्रीनवर दोन प्रवासी निवडून बटण दाबलं.

"बरं," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.