देवरे सरांचं अनुभवाचं पत्र

आमचे देवरे सर पेशंटच्या तोंडाकडे बघत नाहीत, चपलांकडे बघतात. कुठली टाच कुठल्या बाजूने झिजली, यावरून दुखणं ओळखतात. नावं मात्र लक्षात राहत नाहीत. "डाव्या टाचेवाल्या मावशी आल्या का?" असं भर वेटिंगमध्ये विचारतात आणि मावशीही खुशाल हात वर करतात.

फिजिओथेरपीची डिग्री मिळाल्यावर मी नाशिकला त्यांच्याच क्लिनिकमध्ये लागले. पहिल्याच दिवशी सल्ला मिळाला. "बेटा, मशीन लावता आलं म्हणजे करिअर झालं नाही. आधी घर बघ, मग गुडघा." मी मनात हसले.

निफाडच्या एका आजींना मी सांगितलं, जमिनीवर बसू नका, पलंगाच्या कडेला बसून सकाळ-संध्याकाळ पाय सरळ करा. आठवड्यात गुडघा जास्तच सुजला. सरांनी मला थेट त्यांच्या घरी पिटाळलं. पलंग होता, पण माडीवर, सुनेच्या खोलीत.

"तूच म्हनली ना बाई, पलंगावरच कर," आजी म्हणाल्या. "मंग चढते दोनदा."

परत आल्यावर सर रागावले नाहीत. "पायऱ्या किती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "अठरा." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि चहा मागवला.

पुढे पुण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये मला नोकरी मिळाली. शनिवारपर्यंत अनुभवाचं पत्र दिलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. सर स्वतःच म्हणाले होते, "जा, लय शिकायला मिळेल." पण पत्र मागितलं की कधी लेटरहेड संपलेलं, कधी शिक्का सापडत नाही, कधी प्रिंटर रुसलेला. शुक्रवारी मी त्यांच्या समोर ठाण मांडलं.

"सर, माझी नोकरी जाईल."

त्यांनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, मी पहिल्यांदा मागितलं त्या दिवसाची. माझं डोकंच फिरलं.

"मग दिलं का नाही?"

"तुझ्याआधी चौघांना लगेच दिलं," सर म्हणाले. "चौघंही गेले. साधा दिवाळीला फोन नाही. या वेळी म्हटलं, थोडा उशीर करून बघू."

पाकीट पर्समध्ये टाकून मी पुढच्या पेशंटला आत घेतलं. त्या चौघांप्रमाणे मीही फोन केला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.