भुलेश्वरला जाण्याचा सर्वांत सुरक्षित रस्ता

मुलांनो, थोडा वेळ असं समजा, की तुमच्याकडे एक निळी सायकल आहे. तिची घंटी इतकी खणखणीत, की पार्किंगमधली मांजरं दचकून उठतात. शाळा काही फार लांब नाही, पण मध्ये एक मोठा चौक आहे, आणि त्या चौकापायी आई तुम्हाला सायकलने शाळेत जाऊ देत नाही. तुम्ही रोज बसच्या खिडकीला नाक लावून बसता, आणि वर्गातली मुलं शेजारून सायकलवर शीळ घालत जातात. कसं वाटेल? अगदी तसंच कर्वेनगरच्या शेफालीला वाटत होतं.

तिने वर्षभर हट्ट केला, तेव्हा कुठे तिची आई, पूर्णिमा, थोडी नरमली.

"येत्या रविवारी सोसायटीची मंडळी सायकलने भुलेश्वरला चाललीत ना? बाबांबरोबर तूही जा. पण जाशील ती सायकलवर आणि येशील तीही सायकलवर. दमले म्हणून मध्येच टेम्पोत बसलीस, तर जूनपासून पुन्हा शाळेची बस. कबूल?"

"कबूल!" शेफाली म्हणाली आणि तिने घरातच घंटी वाजवली.

भुलेश्वर म्हणजे डोंगरावरचं जुनं देऊळ. सोलापूर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर आणि शेवटी दम काढणारा चढ. एवढ्या लांब सगळ्यांना सुखरूप न्यायचं, तर रस्ता विचार करून ठरवायला हवा. ते काम शेफालीच्या आजोबांनी, श्रीनिवासरावांनी, अंगावर घेतलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचा ऋषी संगणकाच्या कंपनीत होता. तो फोन घेऊन आला. "आजोबा, रूट रेडी आहे. कुठे ट्रॅफिक, कुठे खड्डे, सगळं लाइव्ह दिसतं."

"छान. पंक्चर झालं तर हा फोन हवा भरतो का?"

"नाही, पण..."

"कुणाला चक्कर आली तर लिंबूसरबत करतो?"

ऋषीने फोन खिशात ठेवला. आजोबांनी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला आणि पेन्सिलीला टोक काढलं. "सुरक्षित रस्ता म्हणजे काय? दर दहा किलोमीटरवर आपलं माणूस. पहिला थांबा हडपसरला, आमच्या सत्यशीलाकडे. दुसरा मांजरी गावात, दत्तोबादादांकडे. दोन्हीकडे फक्त पाणी. पाच मिनिटं."

सत्यशीला ही आजोबांची धाकटी बहीण आणि दत्तोबा थोरले चुलतभाऊ. बेत तसा चांगलाच होता. बिघडला तो संध्याकाळच्या फोनमुळे. फोन स्वारगेटजवळ राहणाऱ्या मच्छिंद्रकाकांचा होता. हे धाकटे चुलतभाऊ.

"दादा, हडपसरला थांबताय म्हणे. थांबा, थांबा. आमच्या दारावरून जाल तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेऊ. उगीच तुम्हाला संकोच नको."

आजोबांनी निमूटपणे स्वारगेटच्या मागच्या गल्लीत एक वळण काढलं. मग सत्यशीलाआजींच्या शेजारीच राहणाऱ्या त्यांच्या जाऊबाईंसाठी एक वळण आलं. मांजरीच्या अलीकडे आजोबांचे व्याही, लेकीचे सासरे, निघाले. सरळ रस्त्याची हळूहळू जिलबी झाली.

ऋषी वाकून बघत म्हणाला, "आजोबा, हा रूट नाही. ही मुंजीची आमंत्रणं चाललीत."

रविवारी पहाटे नऊ सायकली निघाल्या. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवे, सगळ्यांत पुढे आजोबा. अंधार पुरता सरायच्या आत मंडळी मच्छिंद्रकाकांच्या दारात होती, आणि दारात पोह्यांचा वास होता.

"पाणीच फक्त," आजोबा म्हणाले.

"पाणी देतोच की. पोहे खाल्ल्यावर लागेलच." असं म्हणत काकांनी प्रत्येकाच्या बशीत दुसऱ्यांदा पोहे वाढले.

हडपसरला सत्यशीलाआजी गेटवरच उभ्या होत्या. त्यांनी भावाकडे न बघता शेफालीच्या बाबांना, संतोषला, विचारलं, "मच्छिंद्रकडे काय होतं?"

संतोष सरळ माणूस. "पोहे. दोनदा घेतले," तो बोलून गेला.

"अरे वा. मग आमच्याकडे काय, पाणीच ना? बसा, आणते. भांडी घासूनच ठेवलीत."

आता सांगा, यावर कोण नुसतं पाणी पिईल? प्रत्येकाने तीन-तीन थालीपीठं खाल्ली, वर लोण्याचा गोळा. जाऊबाईंकडे शिरा झाला. व्याह्यांकडे तर नाही म्हणायची सोयच नव्हती. शेफाली प्रत्येक घरी एक घास खायची आणि दाराबाहेर सायकलचं हँडल धरून उभी राहायची. "बाबा, चला ना. चढ राहिलाय अजून."

"हो हो, निघालोच," असं संतोष म्हणायचा, आणि त्याच्या ताटात आणखी काहीतरी पडायचं.

मांजरीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. दत्तोबांचं घर एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला चौदा मजली इमारत यांच्या मधोमध. त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, पुरणपोळ्यांचा ढीग लावला होता.

"वहिनी, आम्हाला चढ चढायचाय," आजोबा काकुळतीला आले.

"मंग तर खायालाच पायजे. रिकाम्या पोटी चढ चढत्यात व्हय?" आनंदीबाईंनी पोळीवर तुपाची धार धरली.

जेवणं झाल्यावर दत्तोबा म्हणाले, "ऊन लई हाय. जरा आडवं व्हा. भुलेश्वर कुठं पळून जात न्हाय."

भुलेश्वर पळून गेला नाही. मंडळीच जागेवरून हलली नाहीत. जांभळाच्या सावलीत ओळीने आठ जण घोरत होते, आणि शेफाली एकटी बांधावर बसून सावली लांब होताना बघत होती. चार वाजता आजोबांनी डोळे चोळले, आकाशाकडे पाहिलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "आता पुढे जाणं सुरक्षित नाही."

दत्तोबांनी आपला भाजीचा टेम्पो काढला. सायकली चढल्या, माणसं चढली. ऋषी सगळ्यांत आधी. "सपोर्ट व्हेइकलमध्ये एक टेक्निकल माणूस लागतो," तो म्हणाला.

"एकालाही खरचटलं नाही!" आजोबा खूश होते. "याला म्हणतात नियोजन. चल बाळा, चढ."

शेफालीने हँडल घट्ट धरलं. "मी टेम्पोत बसले की माझी शाळेची सायकल गेली, आजोबा."

ती अट सगळ्यांनाच ठाऊक होती, पण पुरणपोळीखाली ती कुणाला आठवली नव्हती.

"अगं, पण वीस किलोमीटर..."

"तुम्हीच म्हणालात ना, दर दहा किलोमीटरवर आपलं माणूस असलं की रस्ता सुरक्षित? मग येताना ती माणसं कुठे गेली?"

संतोषने पोटावरून हात फिरवला, एक सुस्कारा सोडला आणि टेम्पोतून आपली सायकल खाली घेतली. "मी येतो हिच्याबरोबर. पण बाबा, वाटेत सत्यशीलाआत्या. थांबलो तर भजी, नाही थांबलो तर वर्षभर अबोला."

शेफालीने बाबांचा फोन मागून घेतला.

"आत्याआजी, थोड्या वेळाने गेटवर उभ्या राहाल? आम्ही नीट चाललोय ना, ते बघायला. मी खास तुमच्यासाठी घंटी वाजवीन."

"आणि आत?"

"आत नाही येणार."

पलीकडून प्रश्न आला, "मच्छिंद्रकडे किती वेळा वाजवणार आहेस?"

"दोनदा."

"मग माझ्याकडे तीनदा."

आणि काय सांगू, सगळ्या दिवसात पहिल्यांदाच तो रस्ता खरंच सुरक्षित झाला. शेफाली पुढे, बाबा धापा टाकत मागे, आणि त्यांच्या पाठीला टेम्पो, दिवे लावून, बैलगाडीच्या चालीने. फोनाफोनीत बातमी पुढे पोचलीच होती. व्याही कोपऱ्यावर उभे, जाऊबाई गॅलरीत. सत्यशीलाआजींनी भर गर्दीत हात वर करून एक रिक्षाच थांबवली. "आमची नात येतेय, दिसत नाही?" तीनदा घंटी वाजली, तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले. स्वारगेटला मच्छिंद्रकाका तयारच होते. "हडपसरला तीन झाल्या म्हणे?" ते ओरडले. शेफालीने चार वाजवल्या.

कर्वेनगरला पोचताच तिने सायकल भिंतीला टेकवली. आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग टेम्पोतून उतरणाऱ्या सात मोठ्या माणसांकडे.

"भुलेश्वर?" तिने विचारलं.

"पळून जात नाही," आजोबा म्हणाले.

आईने शेफालीचं हेल्मेट काढलं आणि तिच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवला. "जूनपासून जा सायकलने. पण सांभाळून."

हे ऐकताच आजोबांचा शीण कुठल्या कुठे गेला. त्यांनी नकाशा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर घर आणि शाळा काढली आणि पेन्सिलीला टोक केलं. "आता शाळेचा सुरक्षित रस्ता. बघू, वाटेत आपलं कोण कोण आहे? चौकात पूर्णिमाच्या मावसबहिणीचं दुकान आहे. तिथे पाच मिनिटं..."

शेफालीने त्यांच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली. घरापासून शाळेपर्यंत एक सरळ रेघ मारली. मग थोडा विचार केला, आणि त्या रेघेवर चौकातल्या दुकानासमोर एक छोटीशी घंटी काढली.