रस्त्यापलीकडचे डॉक्टर

आमचे आबाकाका देवासच्या बाजारातला रस्ता ओलांडताना डोक्यावरची पगडी काढून काखेत मारीत. भर दिवसा, चारचौघांत बोडके डोके! नवखा माणूस घाबरून विचारी, "आबासाहेब, कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. म्हणून तर घाईत आहे."

देवासला गाव एक आणि राज्ये दोन. रस्त्याची अलीकडची बाजू थोरल्या पातीची, पलीकडची धाकटीची. काका थोरल्या पातीच्या दवाखान्यात डॉक्टर होते. पलीकडच्या रोग्यांना ते दवाखाना सुटल्यावर फुकट पाहत. म्हणत, "पगडी सरकारची. अलीकडे मी नोकर, पलीकडे नुसता डॉक्टर."

काकू लवकर वारल्या, मूलबाळ नव्हते. मी त्यांच्याकडेच राहून मॅट्रिक झालो. डॉक्टरी शिकावी, असे माझ्याही मनात होते. एका सकाळी ते दाढी करीत असताना मी विचारले, "काका, डॉक्टरला पगार किती मिळतो हो?"

मला वाटले, रागावतील. पण ते खूश झाले. "शाबास! आधी हेच विचारावं. उपाशी डॉक्टर रोग्याची जीभ बघत नाही, ताट बघतो." मग त्यांनी आपला पगार सांगितला.

मी हळूच म्हणालो, "धारला दफ्तरात मला जागा मिळते आहे. तिथला पगार याहून बरा आहे."

"मग जा की. पगार बघून गेलास म्हणून कोणी नावं ठेवणार नाही."

एवढे बोलताना त्यांनी हनुवटी कापून घेतली. मला वाटले, वस्तरा बोथट असेल.

धारला माझे चांगले चालले. कागद वेळेवर निघत, पगार वेळेवर होई. देवासला जाणे मात्र दिवाळीपुरते उरले.

यंदा काका गेले. मी पोचलो तेव्हा सारे आटोपले होते. तेरावा करून परत निघालो आणि बाजारात आल्यावर, का कोण जाणे, पगडी काढून रस्ता ओलांडला. या वेळी कोणी काही विचारले नाही.

पलीकडे एका ओट्यावर पायाला पट्टी बांधलेली म्हातारी बसली होती. माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहून म्हणाली, "भिया, डागदरसाब केता था, म्हारा बाद म्हारो भतीजो आवेगो. तम आई ग्या?"

काकांनी सांगून ठेवलेला पुतण्या आला, असे समजून तिने पाय पुढे केला. पट्टी काकांच्याच हातची होती, आता मळून काळी झालेली. मी खाली बसलो. गाठ सुटली. पुढे काय करायचे, ते मला येत नव्हते.